चोराच्या हाती किल्ल्या : सीमाभागातल्या गावराखणीचा इतिहास

घरफोडीची बातमी आली की आपल्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘पूर्वी असं नव्हतं हो, लोक दारं उघडी टाकून झोपायचे.’ हे मला कधी पटलं नाही. मी पेशानं स्थापत्य अभियंता. इतिहासाचं शिक्षण नाही, जे काही वाचलं ते नोकरी सांभाळून. पण जुनं घर उतरवताना भिंतीच्या पोटात काय असतं ते मी पुष्कळदा बघितलं आहे. ज्यांना चोराची भीती नव्हती त्यांनी अडीच फुटांची भिंत आणि मांडीएवढा जाड अडणा कशासाठी केला असेल?

तेव्हा पहिली गोष्ट ही की भीती होती, आणि चांगलीच होती. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण आपण मूर्खपणाला उद्देशून वापरतो. आपल्या बेळगाव भागातल्या गावांनी मात्र पिढ्यान् पिढ्या जवळजवळ तेच केलं, तेही विचार करून. ज्याला चोरी करता येते त्यालाच राखणीला ठेवायचं, आणि चोरी झाली तर भरपाई त्याच्याकडूनच घ्यायची. ही व्यवस्था कशी होती, कुणी मोडली आणि मोडल्यावर मागे काय उरलं, एवढंच या निबंधात मांडायचं आहे.

भिंत, दार आणि पेव

घरफोडी हा शब्दच नीट बघा. आज चोर कुलूप फोडतो. पूर्वी तो खरोखर घर फोडायचा. भिंत मातीची किंवा मातीत बसवलेल्या दगडाची. पावसाळ्यात ती ओल धरते, आणि पहारीनं खालून माती उकरली की तासा-दोन तासांत माणूस शिरेल एवढं भोक पडतं. म्हणून भिंत जाड करायची. जाडीमुळे घर थंड राहतं हे खरंच, पण खणणाऱ्याला वेळ लागावा हाही हिशेब होता. तटबंदीचं गणित तेच असतं. भिंत चोराला कायमची थांबवत नाही, आतल्याला जागं व्हायला वेळ देते.

बाहेरच्या बाजूला खिडकी नाही. असलीच तर उंचावर, हात जाईल एवढा झरोका. दार एकच, तेही बुटकं. आत येणाऱ्याला वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस हत्यार उगारू शकत नाही. मोठ्या वाड्याच्या दरवाजाला दिंडी असते. रात्री मोठी दारं लावायची आणि ओळख पटल्यावर दिंडी उघडायची. आतून आडवा अडणा. तो भिंतीतल्या खोबणीत सरकतो, म्हणजे जोर दाराच्या फळ्यांवर न येता दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. याहून सोपी आणि पक्की रचना मला आजही सुचवता येणार नाही.

आमच्या पश्चिमेला, खानापूरकडं, पाऊस फार म्हणून कौलारू घरं. पूर्वेला गोकाक-अथणीकडं पाऊस कमी, तिथं माळवदं. माळवदाच्या घरात चोर वरून येऊ शकतो. घरं एकाला एक लागून असल्यानं एका माळवदावर चढला की गल्लीभर फिरता येतं. पण शेजाऱ्यालाही तसंच फिरता येतं! उन्हाळ्यात सगळी गल्ली वरच झोपायची. त्यामुळे दाट वस्ती चोराच्या सोयीची होती तशी राखणीच्याही सोयीची होती.

आणि घरात चोरण्यासारखं काय होतं? रोख पैसा थोडा. सोनं असलं तर चुलीखाली, भिंतीच्या कोनाड्यात, देव्हाऱ्याच्या खाली पुरलेलं. खरी दौलत म्हणजे धान्य आणि गुरं. धान्य पेवात. पेवाचं तोंड मातीनं बंद करायचं, वरून जमीन सारवायची, नवख्याला पेव कुठं आहे ते कळायचं सुद्धा नाही. शिवाय बंद पेवात धान्याच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड साठतो. घरचा माणूस पेव उघडून काही वेळ थांबतो, दिवा खाली सोडून बघतो, दिवा जळत राहिला तरच उतरतो. घाईत उतरणाऱ्या चोराला ही सवड नसते.

घरापलीकडे गावाचीही राखण होती. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. तिला वेस, कन्नडात अगसी. रात्री वेस बंद. काही गावांत मधोमध किंवा कुसाच्या कोपऱ्यावर हुडा, म्हणजे टेहळणीचा गोल बुरूज. बेळगाव-विजापूरकडं असे हुडे ढासळलेल्या अवस्थेत अजून दिसतात.

राखणदार कोण होता

भिंत नुसती उभी असून चालत नाही, तिच्यामागं माणूस लागतो. घाटावर, पुण्याकडं, हे काम रामोशाचं. वेशीवर वेसकर, तो बहुधा महार. आमच्या भागात बेरड, कन्नडात बेडर. पिढीजात शिकारी, रानाची खडान् खडा माहिती, रात्री पायाचा आवाज न करता चालणारे. त्यांच्या जोडीला गावोगावी तळवार होते. हे आडनाव ऐकून मराठी माणसाला हटकून तलवार आठवते. पण कन्नडात तळवार म्हणजे गावचा पहारेकरी, खड्गाशी त्याचा संबंध नाही. वालीकार, सनदी, नाईकवाडी, जागले ही आपल्याकडची आडनावंही अशीच कामावरून आलेली.

यातला ‘सनदी’ म्हणजे शेतसनदी. सरकारी सनदेनं त्याला शेत लावून दिलेलं, सारा माफ किंवा अगदी थोडा. त्याबदल्यात त्यानं पाटलाच्या हाताखाली पहारा करायचा, वसुलाची रक्कम पोचवायची, गरज पडली तर हत्यार घेऊन उभं राहायचं. जमीन हाच त्याचा पगार. ती गावातच असल्यानं गाव सोडून तो जाणार कुठं?

बाकीच्यांना बलुत्यासारखा वाटा मिळे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ साली लिहिला. त्यात गावच्या पहारेकऱ्याचं वर्णन आहे. एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटतं. तो म्हणतो, राखणदाराचा वाटा प्रत्येक घरच्या धान्यातून असतो, म्हणून कुणाकडं काय पिकलं, काय आलं, काय गेलं यावर त्याची कायम नजर असते. आपला वाटा वसूल करत तो सारखा गावभर फिरतो. म्हणजे त्याच्या मजुरीची पद्धतच त्याला गावाची माहिती पुरवत होती. रात्री कोण आलं, कोण गेलं, परका कोण, हे पाटलाच्या कानावर घालणं हे त्याचं पहिलं काम. काठी उगारायची वेळ त्यानंतर.

माग आणि भरपाई

चोरी झालीच तर? राखणदार माग काढायचा, म्हणजे पावलांचे ठसे. गुजरातेत या कसबाला स्वतंत्र नाव आहे, पगी. पग म्हणजे पाऊल. माग काढत काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथल्या राखणदाराला दाखवायचा. त्याला पटलं की पहिल्याची जबाबदारी संपली. आता दुसऱ्यानं माग पुढं न्यायचा. ज्या गावात शेवटचा स्पष्ट माग लागला ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. आधी राखणदारानं आपल्या ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेलं सगळ्या गावावर बसवायचं.

विम्याची कल्पना यापेक्षा फार वेगळी नाही. हप्ता म्हणजे बलुतं, आणि नुकसान झालं तर भरपाई. शिवाय राखणदाराचे भाऊबंद शेजारच्या गावांतही राखणीलाच असायचे. चोर कोण असू शकतो हे त्यांना बाकी कुणाहीपेक्षा आधी कळे. त्यांच्यातलाच कुणी असेल तर माल परत येण्याचीही वाट होती.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याची मला इच्छा नाही. भरपाईची ही रीत अन्यायाची आहे हे एल्फिन्स्टननंही म्हटलं आहे. पूर्ण रक्कम काही थोड्याच प्रकरणांत वसूल होई, एरवी काहीतरी दंड घेऊन मिटवत. राखणीचा वाटा वेळेवर मिळाला नाही की चोरी ‘होऊ द्यायची’, हा दबावही होताच. ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण उगीच नाही आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावकुसाची राखण करणारे महार आणि बेरड स्वतः राहायचे कुठं? गावकुसाबाहेर. बाहेरून हल्ला आला तर पहिला त्यांच्या झोपड्यांवर. गावानं त्यांच्यावर भरवसा टाकला, पण भिंतीच्या आत जागा दिली नाही. महार वतनाच्या या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या पार्श्वभूमीवर वाचायला पाहिजे.

वतन गेलं आणि राखणदार उठला

पेशवाई १८१८ साली संपली, कित्तूरचं संस्थान १८२४ साली पडलं. नव्या सरकारला जमिनीचा सारा हवा होता आणि हत्यारं बाळगणारे पिढीजात पहारेकरी नको होते. आपल्या इतिहासातले दोन मोठे उठाव इथंच सुरू होतात, हे आपण फारसं लक्षात घेत नाही.

पहिला उमाजी नाईक. पुरंदरच्या रखवालीशी जोडलेल्या रामोशी घराण्यातला. वतनं आणि हक्क गेले तेव्हा उठला, पुण्यात १८३२ साली त्याला फाशी झाली. दुसरा आपल्या घरचाच, संगोळ्ळीचा रायण्णा. त्याचे पुतळे पुष्कळ उभे राहिले, पण तो कित्तूर संस्थानातला शेतसनदी होता हे किती जण सांगतात? कित्तूर पडल्यावर त्याच्या जमिनीचा काही भाग जप्त झाला, उरलेल्यावर जबर सारा बसला. १८२९-३० साली त्याच्यामागं जे लोक उभे राहिले त्यांत शेतसनदी मोठ्या संख्येनं होते. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला त्याला फाशी दिली. नंदगड आपल्या खानापूर तालुक्यातलं, मराठी वस्तीचं गाव. तिथल्या समाधीवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं जातात. राज्यासाठीची लढाई म्हणून आपण ती सांगतो, आणि ती तशी होतीच. पण तिच्या मुळाशी गावच्या पहारेकऱ्याचं शेत आहे.

तिसरा प्रसंग हलगलीचा. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, हलगली त्यातलं बेडरांचं गाव. १८५७ च्या उठावात सरकारनं शस्त्रबंदीचा कायदा केला, परवान्याशिवाय हत्यार ठेवायचं नाही. शिकार आणि राखण यांवर जगणाऱ्या माणसाकडून हत्यार घेणं म्हणजे सुताराकडून वाकस घेणं. हलगलीच्या बेडरांनी नकार दिला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज आली, गाव जाळलं आणि पुढं १९ जणांना फाशी झाली. या प्रसंगावरचं कन्नड लावणीगीत जे. एफ. फ्लीट या अधिकाऱ्यानं पुढं ‘इंडियन अँटिक्वरी’त छापलं. म्हणजे सरकारी नोकरालाही ते जपून ठेवावंसं वाटलं.

हक्क दिला, हत्यार घेतलं

आता कायद्याची गंमत बघा. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा स्वसंरक्षणाच्या कलमांवर एक टिपण जोडलं. त्याचा आशय असा : या देशात धोका लोक फार मारामारी करतील याचा नाही, उलट दरोडेखोरांपुढं ते फार मुकाट्यानं मान तुकवतात याचा आहे, म्हणून स्वसंरक्षणाच्या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांत धाडस वाढेल असं करावं. दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली. त्यात रात्रीच्या घरफोडीविरुद्ध मालमत्तेचं रक्षण करताना वेळप्रसंगी चोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा नाही, असं कलम आलं. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद आहे, फक्त ‘रात्री’ऐवजी ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ असे शब्द आहेत.

पण हा हक्क कागदावर येण्याच्या तीनच वर्षं आधी शस्त्रबंदी झाली होती, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यानं ती कायमची झाली. रयतेला सांगितलं, ‘चोराला प्रतिकार कर, तो तुझा हक्क आहे,’ आणि प्रतिकार करायचं साधन काढून घेतलं. दरम्यान १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यानं गावची राखण पाटलाच्या हाताखाली, आणि पाटील जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली, अशी रचना पक्की केली. राखणदार गावाला जबाबदार होता, तो आता वर जबाबदार झाला. चोरी झाली की माग काढून भरपाई करायची, याच्या जागी ठाण्याला वर्दी द्यायची.

या हक्काबद्दल एक खुलासा इथंच करतो, कारण चर्चेत तो नेहमी निसटतो. हा हक्क अमर्याद नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हक्क उरत नाही. घरफोडीच्या बाबतीत घुसखोरी चालू आहे तोवरच तो चालतो. पळून जाणाऱ्याला गाठून मारणं, किंवा पकडलेल्याला बांधून बडवणं, हे स्वसंरक्षण नव्हे, तो गुन्हा आहे. १८६० सालीही होता, आजही आहे.

शिक्का

राखणीचं काम गेलं, जमीन गेली, हत्यार गेलं. राहिलं ते कसब आणि त्याबद्दलचा संशय. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तरेकडं लागू केला, १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती देशभर झाली. या कायद्यानं माणूस जन्मानं गुन्हेगार ठरला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही बेरड आणि रामोशी ही दोन्ही नावं आहेत. सीमेच्या अलीकडं, कर्नाटकात, बेडर-नायक अनुसूचित जमातींत येतात, आणि नायकांपैकी तळवार-परिवार यांचा समावेश २०२० साली कायद्यानं झाला. नातीगोती एक, पण निपाणी ओलांडून कागलला गेलं की सरकारी यादीतलं नाव बदलतं.

यादी बदलली म्हणून भाषा बदलली का? मराठीत ‘बेरड’ म्हणजे निगरगट्ट, निर्लज्ज. मूल ऐकत नाही तर आई म्हणते, ‘बेरड झालंय कार्टं.’ ज्या लोकांच्या भरवशावर गाव झोपत होतं त्यांच्या नावाची आपण शिवी केली. डॉ. भीमराव गस्ती हे बेळगावजवळच्या यमनापूरचे, उच्च तांत्रिक शिक्षण घेतलेले. त्यांनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं, ‘बेरड’. कुठंही चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा वस्तीवर येतात आणि हाती लागेल त्याला उचलून नेतात, हे त्यांनी लिहिलं आणि त्याविरुद्ध आयुष्यभर काम केलं. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदानं ते पुस्तक वाचलेलं असावं असं मला वाटतं.

राखण आणि संशय

स्वातंत्र्यानंतर पिढीजात गावकामगारांची पदं कायद्यानं गेली. आमच्याकडं १९६१ च्या कायद्यानं. ते योग्यच झालं. १९६४ साली कर्नाटकात ग्रामरक्षण पथकांचा कायदा आला, महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील आला. गावोगावी रात्रीच्या गस्तीही अधूनमधून सुरू होतात. चार-आठ दिवस पोरं काठ्या घेऊन फिरतात, शेकोटी पेटते, मग हळूहळू बंद पडतं.

गस्तीला माझा विरोध नाही. पण जुन्या राखणीतला एक भाग आपण सोडून दिला आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. राखणदाराला परका माणूस ओळखता यायचा. बहुरूपी कोण, गोसावी कोण, वैदू कुठल्या महिन्यात येतो, कैकाडी कुठं उतरतो, हे त्याला ठाऊक. तो चौकशी करायचा, पाटलाला सांगायचा. आता गस्त घालणाऱ्या पोराला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या हातात काठी असते आणि मोबाइलवर आलेली अफवा असते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथं गेले होते. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ठार मारलं. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडं बघितलेली नाही. त्या जमावातल्या पुष्कळांना वाटत असणार की आपण गाव राखतो आहोत.

म्हणून ‘पूर्वी असं नव्हतं’ या वाक्याला माझं उत्तर असं : पूर्वीही चोर होते आणि भीतीही होती. पण राखण म्हणजे आधी माहिती, मग माग, मग भरपाई. मारहाणीला त्यात फार मागची जागा होती. ती व्यवस्था जातीवर उभी होती, म्हणून परत आणता येणार नाही, आणू नयेच. पण तिचा क्रम घेता येतो. आपल्या गावात कोण येतं-जातं हे माहीत असणारी, वस्तीवरच्या माणसालाही बरोबर घेणारी, आणि परक्याला आधी नाव-गाव विचारणारी गस्त ही आजही शक्य आहे.

मंडळापुढं एक काम ठेवून थांबतो. आपल्या तालुक्यांत सनदी, तळवार, वालीकार, नाईकवाडी आडनावांची घरं पुष्कळ आहेत. त्यांच्याकडं सनदा, जमिनीचे जुने उतारे आणि आजोबांनी सांगितलेल्या हकीकती असतील. हुडे आणि वेशी दरवर्षी पडतायत, जुने दरवाजे भंगारात जातायत. ज्यांना जमेल त्यांनी आपल्या गावच्या वेशीचं माप घ्यावं, अडण्याचा फोटो काढावा, आणि एखाद्या तळवाराच्या घरी जाऊन निवांत बसावं. किल्ल्यांबद्दल आत्तापर्यंत आपण मालकालाच विचारत आलो आहोत. ज्याच्या हाती त्या होत्या त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं राहिलं आहे.